वेड कीं रसिकता?

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एका पत्राचें उत्तर खासगी लिहून भागेल असें मला वाटलें नाहीं. प्रश्न एका घरचा असला तरी त्याचे वांटेकरी पुष्कळ घरांत असावेत. म्हणून त्या वाचक भगिनींची अनुज्ञा घेऊन, नांवगांव वगळून, त्याचा विचार या पानावर करीत आहें.

भगिनी लिहितात कीं, त्यांचा मुलगा चोवीस वर्षांचा, शिकलेला, नोकरीस लागलेला आणि एरव्हीं आज्ञाधारक आहे. त्याला ‘कोल्डप्ले’ नांवाच्या एका इंग्रज वाद्यवृंदाचें, ज्याला हल्लीं ‘रॉक बँड’ म्हणतात त्याचें, पराकाष्ठेचें वेड आहे. २०२५ च्या जानेवारींत या मंडळीचे जलसे नवी मुंबईंत, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाले. ‘त्या धिंगाण्यास जाण्याचें कारण नाहीं,’ असें वडिलांनीं बजाविलें होतें. मुलगा कचेरींत रात्रपाळी आहे असें सांगून गेला. पुढें मित्रांनीं काढलेल्या एका छायाचित्रावरून गोष्ट उघड झाली, आणि तेव्हांपासून पितापुत्रांचा अबोला आहे. जेवणाच्या पानावर दोघे समोरासमोर बसतात आणि मीठसुद्धां मातोश्रींच्या मार्फत मागतात. यांत विशेष हें कीं, वडील स्वतः गेलीं तीस वर्षें डिसेंबरांत रजा काढून पुण्यास सवाई गंधर्व महोत्सवास जातात, आणि त्या दिवसांत घरीं कोणी आजारी असलें तरी त्यांचें पाऊल मागें फिरत नाहीं. भगिनी विचारतात, ‘एकाचें तें व्रत आणि दुसऱ्याचें तें व्यसन, हा भेद मीं कशावरून करावा?’

प्रश्न मार्मिक आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ज्या वस्तूविषयीं वाद आहे ती वस्तु तरी नीट पाहिली पाहिजे. कारण अशा वादांत बहुधा एक पक्ष वस्तु न पाहतांच निकाल देतो आणि दुसरा पक्ष ती समजावून सांगण्याचे कष्ट घेत नाहीं.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें ‘ब्लूज’ नांवाचें गाणें आणि तेथील खेडवळ लोकांचीं गाणीं यांच्या मिश्रणांतून १९५० नंतरच्या दशकांत रॉक हा प्रकार जन्मास आला. पुढें १९६० नंतर इंग्लंडांत बीटल्स, रोलिंग स्टोन्स इत्यादि मंडळींनीं त्याला बाळसें आणिलें. विजेच्या बळावर वाजणारी गिटार, तिच्याहून खालच्या स्वरांत चालणारी बेस गिटार, हातापायांनीं वाजवावयाचा ड्रमांचा संच आणि मानवी कंठ, एवढा त्याचा संसार. आपल्याकडे गवई मुख्य आणि साथीदार गौण; येथें तसें नाहीं. चारपांच जण एकत्र येतात, बहुतेक गाणीं स्वतःच रचतात, स्वतःच बसवितात आणि यशापयशाचे सारखे धनी होतात. म्हणून श्रोत्याचें प्रेमहि एका कंठावर न जडतां सबंध मंडळीवर जडतें. ‘किर्लोस्कर मंडळी’, ‘गंधर्व मंडळी’ हे शब्द आपले वाडवडील ज्या जिव्हाळ्यानें उच्चारीत, त्याच जिव्हाळ्यानें आजचा तरुण आपल्या बँडचें नांव घेतो. कोल्डप्लेचे चौघे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकत असतां १९९७ च्या सुमारास एकत्र आले, २००० सालीं त्यांचा पहिला मोठा गीतसंग्रह निघाला, आणि पंचवीस वर्षें लोटलीं तरी तेच चौघे एकत्र वाजवीत आहेत. आपल्या नाटकमंडळ्यांच्या फाटाफुटीचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या एका गोष्टीचें तरी कौतुक वाटावें.

आतां वेडाचें माप. २२ सप्टेंबर २०२४ रोजीं दुपारीं या जलशांच्या तिकिटांची विक्री संगणकाच्या द्वारें सुरू झाली, तेव्हां त्या अदृश्य रांगेंत १ कोटीहून अधिक लोक उभे राहिल्याचें वृत्तपत्रांनीं छापलें. जागा होत्या त्या त्यांच्या अल्पांशासहि पुऱ्या पडण्यासारख्या नव्हत्या. १८ व १९ जानेवारी असे दोन जलसे ठरले होते, त्यांत २१ तारखेचा तिसरा त्याच दिवशीं वाढवावा लागला. दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत; आणि काळ्या बाजारांत तर लाखांची भाषा चालली होती. त्याच महिन्याच्या २५ व २६ तारखेस अहमदाबादेस जलसे झाले. तेथें एकेका रात्रीं १ लाखाहून अधिक श्रोते जमले, आणि त्यांच्या सोयीसाठीं पश्चिम रेल्वेनें मुंबईहून खास गाड्या सोडल्या. यात्रेसाठीं खास गाड्या सुटतांना आपण नेहमीं पाहतों. गाणें ऐकावयास जाणाऱ्यांसाठीं सुटलेली गाडी पाहण्याचा योग या पिढीस आला.

हें वेड आहे, यांत शंका नाहीं. परंतु आपल्या घरांत तें पहिल्यानेंच शिरत आहे असें जर कोणी म्हणेल, तर त्यानें आपल्या आजोबांच्या पिढीची थोडी चौकशी करावी. बालगंधर्वांनीं १९१३ सालीं आपली मंडळी काढिली, तेव्हांपासून वीसएक वर्षें महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरें त्यांच्या नादीं लागलेलीं होतीं. त्यांच्या लुगडें नेसण्याची, अंबाडा घालण्याची आणि दागिने लेण्याची तऱ्हा कुलीन स्त्रिया उचलीत. एकेका पदाला ‘वन्स मोअर’ पडून नाटक पहाटेपर्यंत लांबे, आणि प्रेक्षक तसेच तांबारलेल्या डोळ्यांनीं कचेरीची वाट धरीत. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं मिळून ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, त्या वेळीं तिकिटांचे दर त्या काळच्या मानानें फार चढे असतांहि लोकांनीं गर्दी केली. त्या रात्रीं त्या थिएटरांत बसलेल्यांचीं नांवें त्यांच्या नातवंडांनीं पुढें अभिमानानें सांगितलीं. कोणीं त्यांस उधळे म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

‘पण तें आपलें होतें, हें परकी,’ असा येथें आक्षेप येईल. त्यास उत्तर असें कीं, ज्या ऑर्गनच्या सुरांवर बालगंधर्व गात तो विलायतेंतून आलेला. ज्या पेटीवांचून आपलें भजन होत नाहीं ती पेटीहि युरोपांतून आलेली. ती परकी म्हणून १९४० पासून तीस वर्षें आकाशवाणीनें तिला एकलवादनासच काय, साथीलाहि मज्जाव केला होता. आमच्या भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं तो घेतला तेव्हां तेथील फिरंग्यांच्या देवळांतील घंटा मराठ्यांनीं आणिल्या. त्यांपैकीं एक नाशकास नारोशंकराच्या देवळावर आणि एक भीमाशंकरास आजतागायत आहे. तिचा नाद परकी म्हणून शंकरानें पूजा नाकारिल्याचें कोणास माहीत नाहीं. आणि नवेपणाविषयीं म्हणाल, तर कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रारंभींच त्याचा निकाल लाविला आहे. भासासारखे प्रतिष्ठित कवि सोडून या चालू काळच्या कवीचें नाटक कां करावयाचें, अशी शंका तेथें निघते. आणि वस्तु जुनी कीं नवी हें न पाहतां परीक्षा करून घ्यावी, असें सूत्रधार सांगतो. तो चालू काळचा नवखा कवि म्हणजे स्वतः कालिदास!

तेव्हां परीक्षा केली पाहिजे. ती करण्याची संधि मला घरबसल्या मिळाली. आमच्या भाईंदर पश्चिमेस, माझ्याच इमारतींत, या मंडळीचा एक भक्त राहतो. माझ्या हाताखालून गेलेला; संस्कृतांत शंभरांपैकीं जेमतेम साठ मिळविणारा; आज एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब पाहतो. १९ जानेवारीस तो नेरूळास जाऊन आला. भाईंदरहून दादर, दादरहून कुर्ला, कुर्ल्याहून हार्बर मार्गानें नेरूळ, असा तीन गाड्यांचा प्रवास. दुपारीं बाराला घर सोडलें, उन्हांत रांगेंत उभा राहिला. रात्रीं दहाच्या सुमारास जलसा संपला, आणि गर्दींतून वाट काढीत विरारकडे जाणाऱ्या अखेरच्या गाड्यांपैकीं एक गांठून दीड वाजतां घरीं पोंचला. दुसऱ्या दिवशीं नऊला तो कामावर हजर होता. तिकिटासाठीं त्यानें तीन महिने बाहेरचें खाणें बंद करून घरचा डबा नेला होता, हें मला त्याच्या आईनें सांगितलें. आणि सांगतांना तिच्या तोंडावर तक्रार नव्हती.

मीं त्याला विचारलें, ‘गाणीं तर तुझ्या खिशांतल्या यंत्रांत आहेत. मग एवढा खटाटोप कशासाठीं?’

तो थोडा विचार करून म्हणाला, ‘सर, घरीं ऐकतांना मी एकटा असतों. तिथें शेजारीं कोण, कुठला, मला ठाऊक नव्हतें. पण एका गाण्याला त्याच्याहि डोळ्यांत पाणी आलें आणि माझ्याहि. मग त्यानें मला आपली पाण्याची बाटली दिली.’

पुढें त्यानें त्या रात्रीचें वर्णन केलें. प्रत्येक श्रोत्याच्या मनगटांत एकेक कडें घालतात. त्यांत दिवा असतो, आणि रंगमंचाकडून आलेल्या संदेशाप्रमाणें हजारों कडीं एकाच क्षणीं एका रंगानें उजळतात. जलसा संपला म्हणजे तीं परत करावयाचीं असतात. उड्या मारल्या असतां वीज निर्माण होईल अशी जमीन आणि त्याच हेतूनें ठेवलेल्या पायगाड्या हेंहि या मंडळीच्या दौऱ्यांतील एक नवल. पण त्याच्या सांगण्यांत दिव्यांपेक्षां त्या अनोळखी शेजाऱ्याचाच उल्लेख पुनःपुन्हां येत होता.

हें ऐकतांना मला अभिनवगुप्ताची आठवण झाली. सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं काश्मिरांत बसून नाट्यशास्त्रावर टीका लिहितांना त्यानें म्हटलें आहे कीं, सर्व प्रेक्षकांचा अनुभव एकजीव होतो, त्यायोगेंच रसाचा परिपोष होतो. एकट्याला जें जाणवतें त्याहून दाट असें कांहीं समुदायांत जाणवतें; आणि तें जाणवण्याकरितां क्षणभर ‘मी अमुक, माझा पगार अमुक’ ही आठवण गळून पडावी लागते. हें वाचून मीं कितीएक वर्षें मुलांना शिकविलें. नाटकगृहांतील हजार जणांविषयीं जें खरें, तें क्रीडांगणांतील पन्नास हजारांविषयीं खोटें कां ठरावें, याचें कारण मला सांपडत नाहीं. जलशास जाण्याचें मर्म येथें आहे. जो मनुष्य केवळ ‘मीहि गेलों होतों’ हें चारचौघांना दाखविण्यासाठीं जातो आणि सारा वेळ हातांतील यंत्रानें चित्रें टिपण्यांत घालवितो, तो त्या समुदायांत असून नसल्यासारखा. तसे लोक पुण्यासहि पुढच्या खुर्च्यांवर बसलेले आढळतात.

याच अभिनवगुप्तानें सहृदयाचें लक्षण सांगतांना आरशाची उपमा दिली आहे. काव्याच्या सततच्या अभ्यासानें ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, तो सहृदय. म्हणजे नुसतें प्रेम पुरत नाहीं, अभ्यास लागतो. त्या मुलाचें प्रेम अभ्यासापर्यंत पोंचलें आहे कीं नाहीं, हें पाहावें म्हणून एका संध्याकाळीं मीं त्याला मालकंसाचा एक विलंबित ख्याल ऐकविला. राग त्याला ओळखतां आला नाहीं. येण्याचें कारणहि नव्हतें. परंतु तिसऱ्या आवर्तनास त्याची मान बरोबर समेवर हलली. कांहीं वेळानें तो म्हणाला, ‘सर, मागें जो एक सूर सारखा चालला आहे, तो थांबला तर हें सगळें कोसळेल.’ तंबोऱ्याचें महत्त्व इतक्या थोडक्यांत सांगितलेलें मीं पूर्वीं ऐकलें नव्हतें. बेस गिटारचा खालचा सूर वर्षानुवर्षें निवडून ऐकणाऱ्या कानाला तंबोरा सांपडला, यांत नवल कसलें? मग त्यानें मला आपल्या मंडळीचें एक जुनें गाणें ऐकविलें. मला त्यांतील चाल साधी आणि पुनरुक्ति फार वाटली, तसें मीं सांगितलेंहि. त्यावर त्याला राग आला नाहीं. ‘दुसऱ्यांदा फक्त ड्रम ऐका,’ एवढेंच तो म्हणाला. ऐकला, आणि त्या वादकाचा संयम मला आवडला.

पत्रलेखिकेच्या यजमानांस आणि चिरंजीवांस दोघांसहि ठाऊक असावी अशी एक गोष्ट येथें सांगतों. मुंबईंत धोबीतलावाजवळ रंगभवन नांवाचें खुलें नाट्यगृह आहे. १९७८ सालीं पहिली ‘जॅझ यात्रा’ तेथें भरली. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’ नांवाचा रॉकचा वार्षिक मेळा तेथेंच भरूं लागला. आपल्याकडील मुलांनीं स्वतःचे बँड काढून परक्यांची नक्कल सोडण्याचा जो उद्योग आरंभिला, त्याचें तें एक माहेरघरच होतें. १९८४ सालीं निघालेल्या ‘रॉक मशीन’ या मंडळींत महेश तिनईकर हे गिटार वाजवीत. याच मंडळीनें पुढें १९९३ सालीं ‘इंडस क्रीड’ असें नांव घेतलें. पाऊस पडत असे, बसण्यास दगडी पायऱ्या, आणि दूरदूरच्या उपनगरांतून आलेलीं मुलें भिजत ऐकत असत. पुढें ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या सभोंवार १०० मीटरांपर्यंत शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या आसपास या तिन्ही संस्था आहेत. त्यामुळें तेथील जलसे बंद पडले आणि मेळा बेघर झाला. कांहीं वर्षें तो इकडेतिकडे भरला, मध्यंतरीं थांबला आणि २०२२ सालीं मुंबईंतच पुन्हां सुरू झाला.

आतां दुसरी बाजू पाहा. भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ सालीं पुण्यास सुरू केलेला महोत्सव पूर्वीं रात्ररात्र चाले. उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळेस ऐकावयास मिळत, आणि सूर्योदयाच्या सुमारास मैफलीची सांगता होई. त्याच नियमांनीं त्या रात्रीहि गेल्या. अपवादाचे दिवस सोडले तर दहाच्या ठोक्यास तंबोरे उतरूं लागले. म्हणजे वडिलांची पहाटेची मैफल आणि मुलाचें रंगभवन एकाच कलमानें गेलें. आणि दोघेहि आपापल्या जागीं हळहळत बसले असतां एकमेकांस मात्र परके समजतात! नियम अन्याय्य आहे असें मी म्हणत नाहीं. आजाऱ्याच्या उशाशीं ढोल वाजवूं नयेत, हें सांगण्यास कायदा लागावा हीच लाजिरवाणी गोष्ट. शिवाय रॉकच्या आवाजाला नांवें ठेवणाऱ्या आम्हां भाईंदरकरांनीं विसर्जनाच्या रात्रीं खाडीकडे जाणाऱ्या मिरवणुकींत ध्वनिक्षेपकांच्या ज्या भिंती चालतात त्यांजकडेहि पाहावें. खिडक्यांचीं तावदानें कोणत्या संगीतानें थरथरतात तें कळेल. उपाय एकच दिसतो : आवाज बाहेर जाणार नाहीं अशीं सभागृहें आणि सरावाच्या खोल्या गांवोगांव झाल्या पाहिजेत. २०११ च्या खानेसुमारींत मीरा-भाईंदरची वस्ती ८ लाखांवर होती. एवढ्या वस्तींत गिटार शिकणारा मुलगा शेजाऱ्यांच्या धाकानें कपाटाच्या दारावर गोधडी टांगून सराव करतो, आणि पखवाज शिकणाराहि तसाच करतो.

परदेशांतील भक्तांचीहि एक हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंत १९६५ पासून १९९५ पर्यंत ‘ग्रेटफुल डेड’ नांवाचा एक बँड होता. त्याचे भक्त दिंडीप्रमाणें गांवोगांव त्याच्या मागून हिंडत. या मंडळीनें आपल्या जलशांचें ध्वनिमुद्रण करण्यास श्रोत्यांना मोकळीक दिली. १९८४ पासून तर मुद्रण करणाऱ्यांसाठीं निराळी जागाच राखून ठेविली. त्या फिती भक्तांनीं विकल्या नाहींत, आपापसांत वांटल्या. आणि त्यामुळें त्या मंडळीच्या वादनाचा अफाट संग्रह आज टिकून राहिला. आपल्याकडेहि घरगुती बैठकींचें मुद्रण करून जपणारे आणि अधिकारी माणसाला तें प्रेमानें ऐकविणारे रसिक झाले; कितीएक गवयांची ऐन उमेदींतील गायकी त्यांच्याच कपाटांतून बाहेर आली. म्हणजे भक्ताच्या हातून कलेची सेवाहि घडते. आणि हा प्रवाह एकाच दिशेनें वाहतो असेंहि नाहीं. मुंबईच्या तरुणांची ‘अभंग रिपोस्ट’ नांवाची एक मंडळी आहे; ती संतांचे अभंग गिटार आणि ड्रम यांच्या साथीनें गाते, आणि ज्यांनीं एरव्हीं गाथा उघडली नसती अशीं मुलें ते अभंग तोंडपाठ म्हणतात. तुकोबांस हें रुचलें असतें कीं नाहीं, हें सांगणारा मी कोण? पण टाळांचा गजर ज्यांस प्रिय, त्यांस झांजेचा तिटकारा असण्याचें कारण नाहीं.

येथवर मुलाची बाजू झाली. आतां त्यानें ऐकण्याच्या चार गोष्टी.

पहिली कानांची. कारखान्यांतील कामगारांच्या कानांविषयीं जो हिशेब मान्य झाला आहे त्याप्रमाणें ८५ डेसिबलचा आवाज दिवसास ८ तास सोसवतो. पुढें प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबानें १०० डेसिबलला उरतात अवघीं १५ मिनिटें! रॉकचे जलसे बहुधा याच्या आसपास किंवा वर असतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं अशा ठिकाणांसाठीं सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली, आणि कानांत घालण्याचीं बोंडें व मध्यें विसावा घेण्यास शांत जागा ठेवण्यास सांगितलें. हीं बोंडें थोडक्या पैशांत मिळतात. गाणें त्यांतूनहि चांगलें ऐकूं येतें. जलसा संपल्यावर कानांत शिट्टी वाजत राहिली तर तो आनंदाचा अवशेष नव्हे, इजेची सूचना आहे. ज्या कानांवर एवढें प्रेम पोसलें ते चाळिशींत बधिर झाले, तर भक्ति कशानें करणार?

दुसरी गर्दीची. २५ नोव्हेंबर २०२३ रोजीं कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठांत गाण्याच्या कार्यक्रमास लोक जमले असतां पाऊस आला, बाहेरचे आंत घुसले आणि चेंगराचेंगरींत चार जीव गेले. म्हणून आंत शिरतांच बाहेर पडण्याचे दरवाजे पाहून ठेवावे, अगदीं कठड्याशीं दाटीवाटीनें उभें राहूं नये, आणि सोबत्यांची पुन्हां भेटण्याची जागा आधींच ठरवावी.

तिसरी पैशांची. कमाईंतून शिल्लक टाकून तिकीट घ्यावें. कर्ज काढून किंवा काळ्या बाजारांतून कदापि घेऊं नये. दहापट दर देणारा भक्त आपल्याच दुसऱ्या भक्तबंधूचा मार्ग बंद करतो.

चौथी गोष्ट सर्वांत जड, ती खोटेपणाची. रात्रपाळीचें निमित्त सांगून गेलेल्या मुलास त्या रात्रीं कांहीं झालें असतें, तर आईबापांनीं त्याला कोणत्या गांवीं शोधावें? शिवाय ज्या सुखाविषयीं घरीं खोटें बोलावें लागतें, तें सुख उघड्या माथ्यानें भोगतां येत नाहीं. त्यानें वडिलांस स्पष्ट सांगावयाचें होतें, ‘आपल्याला पसंत नाहीं हें मी जाणतों, तरी मी माझ्या पैशानें जात आहें, अमुक मित्र बरोबर आहेत आणि अमुक वाजेपर्यंत परत येईन.’ वडील रागावले असते. पण असा राग चार दिवसांत उतरतो. फसविलें गेल्याचें शल्य मात्र तसें उतरत नाहीं, हें त्या घराच्या अबोल्यावरून दिसतच आहे. तेव्हां प्रथम क्षमा मुलानेंच मागावी, आणि ती जलशास गेल्याबद्दल नव्हे, तर खोटें बोलल्याबद्दल मागावी. दोन्हींतील भेद त्याच्या वडिलांच्या ध्यानीं येईल.

वडिलांसहि एक विनंति आहे. चोवीस वर्षांच्या कमावत्या मुलास ‘जाण्याचें कारण नाहीं’ एवढेंच सांगून त्याला रोखतां येत नाहीं. फार तर त्याला लपविण्यास शिकवितां येतें. आपण रजा घेऊन पुण्यास जातां, मांडवांत दिवसचे दिवस बसतां, एखाद्या स्वरावर डोळे मिटतां. तें सुख काय आहे हें घरांत आपणांवांचून दुसऱ्या कोणास कळत असेल, तर तें या मुलासच. त्याला या डिसेंबरांत बरोबर न्या. कंटाळला तर उठून जाण्याची मोकळीक ठेवा. आणि त्याच्या मंडळीचा एक सबंध गीतसंग्रह त्याच्या शेजारीं बसून, मध्यें न बोलतां, आरंभापासून अखेरपर्यंत ऐका. आवडलाच पाहिजे असें नाहीं. पण ऐकून झाल्यावर नावडल्याचीं जीं कारणें आपण सांगाल तीं तो ऐकून घेईल; न ऐकतां सांगितलेलीं त्यानें कां ऐकावीं?

भगिनींनीं विचारलेला भेद कशावरून करावयाचा, तो माझ्या मतें असा : वेडानें मनुष्याचा कान अधिक जागा होत असेल, अनोळखी शेजाऱ्याविषयीं ममता वाटत असेल आणि दुसऱ्या दिवशीं तो आपल्या कामावर वेळेवर उभा असेल, तर ती रसिकता, मग ती तंबोऱ्याची असो कीं गिटारची. कान बधिर, खिसा रिकामा आणि घरांत लपंडाव, हें ज्याचें फळ तें व्यसन. मग तें मालकंसाचें कां असेना. घरच्या आजारपणाकडे पाठ फिरवून जी मैफल गांठली, तिचा जमाखर्च कोणत्या पानावर मांडावा, हें यजमानांनीं स्वतःच ठरवावें.

पत्रांत ‘मीठसुद्धां माझ्या मार्फत मागतात’ हें वाक्य मला फार लागलें. मातोश्रींनीं एक करावें : कांहीं दिवस मिठाचें भांडें दोघांच्या मध्यें ठेवून आपण स्वयंपाकघरांत थांबावें. पुढें काय झालें तें अवश्य कळवावें; मी वाट पाहत आहें.